हौसाआत्याची एकटीची वस्ती

आमची हौसाआत्या यंत्रांना अहो-जाहो करायची आणि माणसांना अरे-तुरे.

पहाटे विहिरीवर जाऊन ती मोटरीला म्हणायची, "उठा मोटरसाहेब, वांगी सुकाय लागली." ट्रॅक्टर चिखलात रुतला की त्याच्या बोनेटवर हात ठेवून, "आवं, जरा दमानं घ्या की. कोन पाठी लागलंय तुमच्या?" आणि त्याच वेळी बांधावरून सरपंच जात असले तर, "आरं सरपंचा, नुसता बघतोस काय? लाव हात!" मी एकदा तिला याचं कारण विचारलं. ती म्हणाली, "मानूस रुसला तर भाकरीच्या येळंला गुमान घरी येतोय. मोटर रुसली तर बारामतीला न्यावी लागती."

ती मोटर बारामतीला आणायची म्हणजे माझ्याकडंच. नव्वदच्या दशकात मी तिथं एका मोटर रिवायंडिंगच्या दुकानात कामाला होतो. आमचं मूळ गाव पणदरे. आत्या दिली होती इंदापूर तालुक्यात, अगदी उजनी धरणाच्या फुगवट्याच्या पाण्याला लागून. वांगी, गवार, पेरू, थोडी डाळिंबं असं तिचं रान. माल निमगाव केतकीच्या बाजारात. घरात सतरा-अठरा माणसं, आणि त्यातल्या प्रत्येकाची कुठली वस्तू कुठं आहे ते फक्त आत्याला माहीत.

तिच्या नवऱ्याला, म्हणजे नानांना, ती रीतीप्रमाणं 'आवं' म्हणायची. त्यामुळं नाना माणसांत मोडतात की यंत्रांत, यावर आम्हा भाचरांत वाद होता. नाना बोलायचे फार कमी आणि दिवसभर न थांबता चालायचे, त्यामुळं शंकेला जागा होती.

तर एका हिवाळ्यात पुण्याचा एक पक्षी बघणारा तिच्या रानात आला. त्याच्याकडं घडी घालून पाठीवर न्यायची रबरी होडी होती आणि एक निळा तंबू. आत्याकडून भाकरी बांधून घेऊन तो पाण्यातल्या बेटावर गेला. बेट म्हणजे बुडालेल्या माळाचा वर राहिलेला माथा. चार बाभळी, गवत आणि दगड. दोन रात्री काढून तो परत आला, तेव्हा त्याचं नाक उन्हानं सोललं होतं आणि चेहरा लग्नातल्या नवरदेवासारखा फुलला होता.

"तितं काय हाय रं?" आत्यानं विचारलं.

"काही नाही."

"मंग कशाला गेलतास?"

"काही नाही म्हणूनच. एकटं राहायला मजा येते, मावशी."

तो गेला, पण ते 'मजा येते' आत्याच्या डोक्यातून गेलं नाही. पुढच्या वेळी मी मोटर पोचवायला गेलो तर ती बांधावर बसून बेटाकडं बघत होती. "तुला सांगते," ती म्हणाली, "मी जन्माला आले ते बारा मानसांच्या घरात. दिली ती सतरांच्या. बाळातपनात सुदिक खोलीत चार बायका. आयुष्यात एक रात मी एकटी झोपले न्हाय. ही मजा काय आस्ती, ते बघून यायचं हाय."

घरात बॉम्ब पडल्यासारखं झालं. थोरला मुलगा म्हणाला, मी संगं येतो. सून म्हणाली, मीपण येते, स्वयंपाकाला. धाकटे दीर दत्तूकाका म्हणाले, आपण सगळेच जाऊ, सहल होईल. आत्या प्रत्येकाला एकच सांगायची, "एकटी म्हंजे एकटी. येक."

शेवटी नाना बोलले. "बाईमानूस एकटं बेटावर ऱ्हायलं तर लोकं काय म्हनतील?"

"लोकं हितंच ऱ्हानार हायत," आत्या म्हणाली. "तितं कोन हाय म्हनायला?"

नानांनी पटका सोडला, झटकला, परत बांधला आणि रानात निघून गेले.

होडी तिनं सोपान भोयाकडून घेतली. सोपान मासेमारी करायचा. बॅरलचा पत्रा कापून, ठोकून, सांध्यांना डांबर लावून केलेली ती होडी. दोन्ही टोकांना निमुळती, मध्ये जेमतेम दोन माणसं बसतील एवढी. सोपाननं आत्याला वल्हं मारायला शिकवलं. पहिले आठ दिवस होडी जागच्या जागी गोल फिरायची. काठावर गुरं पाजायला आलेली पोरं हसून लोळायची. आत्या होडीलाच समजावायची, "आवं होडीसाहेब, म्होरं बगा की! तुमाला काय चक्कर येती का काय?" महिन्याभरात होडीसाहेब सरळ चालायला लागले. मग आत्यानं युरियाच्या गोण्या धुऊन, उसवून, एकीला एक शिवून तंबू केला. त्यावरची अक्षरं आतल्या बाजूला आली, म्हणजे झोपल्या झोपल्या वाचता येतील. आत्याला वाचता येत नव्हतं, पण ती म्हणाली, "आसू द्या. शोभा हाय."

घरच्यांनी एक अट घातली. काठावरून दिसेल असा बांबू रोवायचा. सगळं ठीक असेल तर त्याला पिवळं लुगडं बांधायचं, संकट असेल तर लाल. आत्यानं ते मान्य केलं.

निघायच्या दिवशी मी रजा टाकून गेलो होतो. सगळा गाव काठावर. कुणी ठेचा दिला, कुणी शेंगा, एका म्हातारीनं अंगारा लावला. नाना मात्र लांब पेरूच्या झाडाखाली पाठ करून उभे होते. आत्यानं काष्टा आवळला, होडीत बसली आणि वल्हं पाण्यात घातलं.

बेट काठावरून हाताशी वाटतं. पण निम्म्यावर गेल्यावर होडी एवढीशी दिसायला लागली. मध्येच ती आडवी झाली. सुनेनं माझा दंड धरला. मग होडीचं तोंड हळूहळू परत बेटाकडं वळलं. किती वेळानं कुणास ठाऊक, त्या बाभळींजवळ काहीतरी पिवळं हललं. गावानं असा काही गलका केला की गुडघाभर पाण्यात उभे असलेले ते लांब पायांचे गुलाबी पक्षी थव्यानं उडाले आणि बेटावरून वळसा घालून गेले.

संध्याकाळपर्यंत सगळं झकास चाललं. पण देवळाच्या भोंग्याची किल्ली दत्तूकाकांकडं असायची.

दिवे लागायच्या सुमारास भोंगा खरखरला. "हौसावैनी, हौसावैनी! तुमी जितं आसाल तितं जेवून घ्यावं!" पाण्यावरून आवाज स्वच्छ जात होता. पाच मिनिटांनी पुन्हा, "हौसावैनी! लोणच्याची बरणी घावना. माळ्यावर आसल तर पिवळं लुगडं हलवा!" आश्चर्य म्हणजे लुगडं हललं. बरणी माळ्यावर सापडली. मग दत्तूकाकांना जोरच चढला. म्हशीची पेंड कुठंय? उद्या वांगी तोडायची का? धाकट्याच्या पोटात दुखतंय, ओवा द्यावा का हिंग? ओव्याला एकदा हलवा, हिंगाला दोनदा!

आता लुगडं एकदाही हललं नाही. उलट ते सरसर खाली आलं आणि दिसेनासं झालं.

"लाल तर न्हाय ना?" कुणीतरी विचारलं. लाल नव्हतं. काहीच नव्हतं. एवढ्यात अंधार पडला. दत्तूकाकांनी गपचूप भोंगा बंद केला. नाना अजून पेरूच्या झाडाखालीच होते. जेवायला या म्हटलं तर आले नाहीत.

सकाळी उठून बघतो तर वारं सुटलेलं. त्या पाण्याला वारं लागलं की समुद्रासारख्या लाटा उठतात. बांबू तसाच मोकळा. नानांनी सोपानला त्याच्या दुसऱ्या होडीत बसवलं आणि स्वतः पुढं बसले. त्यांना पोहता येत नाही हे सगळ्या गावाला माहीत होतं. सोपान म्हणाला, "नाना, वारं पडू द्या." नाना म्हणाले, "चल." तेवढंच.

पुढचं आम्ही काठावरून पाहिलं आणि नंतर तिघांच्या तोंडून ऐकलं.

आत्या बेटावर चुलीपुढं बसून निवांत चहा उकळत होती. पिवळं लुगडं तिनं रात्री थंडी वाजली म्हणून घोंगड्याखाली गुंडाळून घेतलं होतं. बेटाच्या अलीकडं पाण्याखाली जुन्या बाभळींची खोडं आहेत. नानांची होडी एका लाटेबरोबर वर गेली ती अशा खोडावरच उतरली. पत्रा फाटला. होडीत पाणी भरलं. सोपान उडी टाकून होडी धरून राहिला आणि नाना खोडाला मिठी मारून ओरडले, "आगं हौसा!"

नानांनी तिला चारचौघांत नावानं हाक मारल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. आत्या सांगायची, मला आधी वाटलं दुसऱ्याच कुणा हौसाला बोलवत्यात.

मग ती उठली. पदर खोचला, होडी ढकलली आणि त्या लाटांत वल्हं मारत सुटली. लाट अंगावर आली की ती होडीचं टोक लाटेवर धरायची, उतरली की दोन हात मारायची. ज्या बाईची होडी महिन्यापूर्वी गोल फिरत होती, ती बाई वाऱ्याच्या तोंडावर सरळ रेघेत गेली. नानांना बखोटीला धरून तिनं आत ओढलं. सोपानला म्हणाली, "तू धर मागनं, आन् पाय मार! मासं धरतोस का नुसतं गावभर सांगतोस?" आणि दोघांना, फुटक्या होडीसकट, बेटाला लावलं.

नाना कुडकुडत होते. आत्यानं त्यांचे ओले कपडे काढायला लावले, कोरडं पिवळं लुगडं त्यांना गुंडाळलं आणि कपडे वाळत घालायला जागा शोधली. बाभळीला काटे, म्हणून बांबूवर. त्यात नानांचा पटका होता. लाल.

काठावर हाहाकार झाला. भोंगा केकाटला, "लाल दिसतंय! लाल दिसतंय! पव्हनारांनी फुडं या!" टायरच्या ट्यूबा फुगायला लागल्या. बेटावर आत्याला आपली चूक कळली. ती म्हणाली, "आवं, तुमी पिवळं हायसाच. त्या दगडावर हुबं ऱ्हावा आन् हात हलवा."

नाना दगडावर चढले आणि लुगड्यात उभे राहून दोन्ही हात हलवू लागले.

काठावर दत्तूकाकांनी डोळ्यांवर हात धरून निरखून पाहिलं आणि भोंग्यातून जाहीर केलं, "हौसावैनी सुखरूप हायत! नाचत्यात! नानांचं काय ते दिसत न्हाय!"

दुपार कलल्यावर वारं पडलं. सोपाननं फुटक्या होडीच्या भोकात तंबूचा तुकडा कोंबला होता. काठावरून आम्हाला दिसलं ते असं: पुढच्या होडीत आत्या वल्हं मारतेय, तिच्या पुढ्यात नाना बसलेत, वाळलेल्या धोतरात आणि लाल पटक्यात. मागं दोरीनं बांधलेली दुसरी होडी, आणि तिच्यात सोपान पातेल्यानं पाणी उपसतोय. वाटेत सोपाननं वल्हं मागितलं होतं म्हणे. "हात लावू नगंस," आत्यानं सांगितलं, "मी एकटी गेलीया, आनि परत मीच येनार."

हलगी वाजायला लागली. बायकांनी तिला पाण्यातूनच ओवाळलं. ज्या पोरांनी हसून लोळण घेतली होती, त्यांनीच होडी धरून वर ओढली. सरपंचांनी पुढं येऊन तिला नारळ दिला आणि ती म्हणाली, "आरं सरपंचा, ही होडी आधी सावलीत घे. तापत्यात त्या."

दोन दिवसांनी मी बारामतीला परत निघालो. एस.टी.ची वाट बघत आम्ही फाट्यावर बसलो होतो, तेव्हा मी विचारलं, "आत्या, मग आली का मजा?"

तिनं पिशवीतले पेरू बाहेर काढले आणि पुन्हा मोजून भरले.

"आली की," ती म्हणाली. "भ्या वाटलं न्हाय. चांदनं काय पडलं हुतं म्हनून सांगू! पान्यात पक्षी हुबे, झोपलेले, एका पायावर. पहाट झाली तशी सगळं पानी आधी दुधावानी आन् मंग गुलाबी. आन् मला वाटाय लागलं, हे कुनाला तरी सांगावं. मंग ध्यानात आलं, घरात सतरा मानसं हायत. सगळी मला इचारत्यात, ह्ये कुटं ठिवलंय, त्ये कुटं ठिवलंय. पर मी सांगीन आन् कोन बसून ऐकंल, असं डोळ्याम्होरं कुनीच येईना."

मी रस्त्याकडं बघणं सोडून तिच्याकडं वळून बसलो.

"तर त्या दिवशी वारं पडंना," ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली. "सोपान तिकडं होडी नीट करत हुता. ह्ये बसलेले लुगडं गुंडाळून, चहाची वाटी हातात. मला म्हनले, 'रातीला काय काय दिसलं तुला?' मी म्हनलं, सांगू? म्हनले, सांग. दुपारपातुर मी सांगत हुते. मदी एक शबुद बोलले न्हाईत. पर हालले बी न्हाईत."

एस.टी. आली. मी चढलो. तिनं खिडकीतून पेरूंची पिशवी आत दिली.

पुढच्या हिवाळ्यात आत्या पुन्हा गेली. एकटीच. या वेळी बांबू नाही, लुगडी नाहीत. भोंग्याची किल्ली नानांनी दत्तूकाकांकडून आधीच काढून घेतली होती. काठावर गर्दीही नव्हती. आता त्यात नवल राहिलं नव्हतं. ती परत आली त्या दिवशी मी तिथं होतो. घरची माणसं धावली, सुनेनं विचारलं, सासूबाई, मोठं पातेलं कुठं ठेवलंय?

नानांनी हातानंच सगळ्यांना घराकडं पिटाळलं. मलाही. होडी वाळूत ओढली, तिच्या कडेवर आधी स्वतः बसले, शेजारची जागा पटक्यानं पुसली. आत्या बसली. मी पेरूच्या बागेपर्यंत गेलो तेव्हा मागून नानांचा आवाज ऐकू आला.

"हां, हौसा. सांग आता."