नकाशात नसलेली म्हैस

गोठा नकाशात दाखवायचा नाही, एवढं ठरलं आणि तिथून शिवशरणचं सगळं बिघडत गेलं.

तसं घरात बिघडायला आधीच बरंच होतं. मंगळवार पेठेतलं घर दीड खोलीचं. एका खोलीत वडील विरूपाक्षआप्पा आणि आई रत्नव्वा, उरलेल्या अर्ध्या खोलीत शिवशरण आणि त्याची बायको विद्याश्री. मध्ये भिंत म्हणून रत्नव्वाचं जुनं इरकल लुगडं टांगलेलं. आप्पांना खोकला आला की भिंत हलायची. घरातली सगळ्यात मोठी आणि हवेशीर खोली बिजलीकडं होती. बिजली म्हणजे म्हैस.

लग्नाला आठ महिने झाले आणि विद्याश्रीनं पिशवी भरली. ती वारणानगरची.

“आमच्या कॉलनीतल्या क्वार्टरला सुदीक आतनं कडी हाय,” ती म्हणाली. “वर एक खोली बांधा. परवाना हातात आला की फोन करा. तवर मी आईकडं.”

तिला स्टँडवर पोचवून यावं असं शिवशरणच्या मनात आलं होतं. पण धारेची वेळ झाली होती आणि बिजली दुसऱ्या कुणाच्या हाताला दूध देत नसे. तो दारातूनच म्हणाला, “संभाळून जा.” (या दोन शब्दांचं पुढं काय झालं ते शेवटी कळेलच.)

शिवशरण स्वभावानं इतका लाजाळू, की चहात साखर नसली तरी तो ‘छान झालाय’ म्हणून पिऊन टाकायचा. शाळा नववीतच सुटलेली. फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात कामाला. पण अक्षर असं, की बघणाऱ्यानं आधी अक्षराचं कौतुक करावं आणि मग मजकूर वाचावा. विशेषतः त्याचा ‘ळ’. त्याची शेपटी तो खाली नेऊन अशी काही वळवायचा, की पेठेतले लोक लग्नपत्रिकेवरची नावं त्याच्याकडूनच घालून घेत.

बांधकामाचे नकाशे काढणाऱ्या केरबाकडं तो घराची मापं घेऊन गेला. केरबानं कागदावर पेन्सिल टेकवली.

“हे काय हाय रं?”

“गोठा.”

“गोठा दाखवतोस? भर पेठेत? फाईल गेली तशी परत येत्या बघ.”

“मग काय लिहायचं?”

“पार्किंग. समदं जग पार्किंग लिवतंय.”

“पण तिथं म्हैस हाय की.”

“मग? तीबी दिवसभर एका जागी उभीच असत्या न्हवं?”

शिवशरणला हे पटलं नाही. पण नाही म्हणायचं म्हणजे तोंड उघडावं लागतं. शिवाय गल्लीत विचारलं तर ज्यांनी आयुष्यात कधी परवाना काढला नव्हता त्या सगळ्यांचं मत केरबासारखंच पडलं. आप्पा तर चार पावलं पुढं गेले. “नुसता नकाशा नगं. हमीपत्रबी जोड. तुझं अक्षर बघून सायेब इरघळतोय बघ.”

मग शिवशरणनं स्टँपपेपरवर, काळ्या शाईनं, वळणदार अक्षरात लिहिलं: ‘मंगळवार पेठेतील सदर जागेत कोणतेही जनावर नाही व भविष्यातही असणार नाही.’ लिहिताना तो गोठ्याकडं पाठ करून बसला होता. बिजली मागून त्याच्या सदऱ्याची कॉलर चघळत होती.

प्रॉपर्टी कार्ड, घरफाळ्याची पावती, चारही बाजूंचे फोटो (गोठ्याचा सोडून) अशी फाईल नगररचनेच्या कचेरीत गेली. पंधरा दिवसांनी एकच त्रुटी निघाली: वरच्या खोलीला खिडकी लहान आहे, हवा आणि उजेड कमी पडेल. केरबानं खोडरबर फिरवून खिडकी वाढवली. एवढ्यावर भागलं म्हणून शिवशरणनं अंबाबाईला नारळ फोडला. मग फोन आला. मंगळवारी साहेब जागा बघायला येणार.

सोमवारी गोठा फिनेलनं तीनदा धुतला. चुना मारला. रत्नव्वानं एकदम सात उदबत्त्या लावल्या. मधोमध आप्पांची जुनी मोटारसायकल उभी केली. बिजलीला गल्लीच्या टोकाच्या बंद गॅरेजात नेऊन शटरच्या कडीला बांधलं.

आता बिजलीविषयी थोडं सांगायला हवं. ती साधी म्हैस नव्हती. दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून मोटारसायकलमागं पळवतात, त्यात तिनं लागोपाठ दोन वर्षं ढाल मारली होती. सायलेन्सर काढलेल्या गाडीवर आप्पा पुढं आणि बिजली मागं. गाडी जोरात तर म्हैस जोरात, गाडी थांबली की म्हैस थांबणार. सहा वर्षांची तालीम होती ती. आणि पाडव्याला म्हशीच्या अंगावरचे केस कातरून नाव काढायचीही रीत आहे. ते काम अर्थातच शिवशरणचं. दिवाळी होऊन महिना झाला होता तरी अक्षरं अजून ठळक होती.

मंगळवारी राजवर्धन साहेब आले ते मोटारसायकल ढकलत. गल्लीच्या तोंडाशी गटारीसाठी खणलं होतं. त्यांनी टेप लावून मापं घेतली, भिंत ठोकून बघितली, नाकानं दोनदा हुंगलं.

“वास कसला हो?”

“उदबत्तीचा,” रत्नव्वा म्हणाली.

“त्याच्या खालचा.”

“फिनेलचा.”

“त्याच्याही खालचा.”

रत्नव्वानं आठवी उदबत्ती लावली. साहेबांनी डायरीत काहीतरी टिपलं, डायरी मिटली आणि म्हणाले, “ठीक आहे. बघतो.” शिवशरणला डोळ्यांपुढं वरची खोली दिसली, दाराची कडी दिसली, ती कडी आतून लावणारा बांगड्यांचा हात दिसला.

साहेब गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडं तोंड करून गाडीवर बसले आणि त्यांनी किक मारली.

सायलेन्सर फुटका होता.

तो आवाज असा निघाला, की आप्पांनी डोळेच मिटले. साहेब गॅरेजवरून पुढं गेले, मागून शटर कडाडत उचकटलं, आणि गळ्यात तुटकं दावं, शेपटी वर, अशी बिजली पाडव्याच्या जोमानं रस्त्यावर आली. साहेबांनी आरशात बघितलं आणि घाबरून वेग वाढवला. तिला तेच पाहिजे होतं.

“सायेब, गाडी बंद कराऽ!” शिवशरण पळत सुटला. एक चप्पल पायात, एक हातात. “बंद कराऽ! आपोआप थांबत्या तीऽ!”

फुटक्या सायलेन्सरपुढं कुणाला काय ऐकू येणार? मिरजकर तिकटीच्या चौकात लोकांना वाटलं सराव चाललाय. पोरांनी शिट्ट्या मारल्या. “पावणं, आणि जरा पिळा की गाडी!” कुणीतरी साहेबांना ओरडून सांगितलं. दहा-बारा जणांनी मोबाईल काढले. कोल्हापुरात म्हैस अडवायला कुणी पुढं येत नाही, पळणाऱ्या म्हशीला वाट करून द्यायला मात्र पोलीससुद्धा शिट्टी वाजवतो.

साहेब कचेरीच्या आवारात शिरले आणि त्यांनी गाडी बंद केली. बिजली जागच्या जागी थांबली. मग शिकवल्याप्रमाणं पुढं झाली आणि तिनं साहेबांच्या खांद्यावर मान टेकली.

शिवशरण पोचला तेव्हा सगळी कचेरी व्हरांड्यात जमली होती.

“ही म्हैस कुणाची?” साहेबांनी न हलता विचारलं.

“म्हाईत न्हाय सायेब,” शिवशरण म्हणाला. “पावण्यांची असंल कुणाच्यातरी.”

साहेबांनी डोळे तिरके करून बिजलीच्या कुशीवरचं वाचलं. “विरूपाक्षआप्पांची बिजली, मंगळवार पेठ.” मग शिपायाला फाईल आणायला सांगितलं, हमीपत्र काढलं आणि म्हशीच्या अंगाला लावून धरलं. “हा ‘ळ’ बघा. आणि हा ‘ळ’ बघा. एकाच हाताचे आहेत ना?”

शिवशरणनं दोन्ही बारकाईनं बघितले. खोटं बोलायची त्याची ताकद तिथं संपली. शिवाय, कामाचा प्रश्न होता.

“म्हशीवरचा जरा बिघडलाय सायेब,” तो खाली मान घालून म्हणाला. “ती हलत होती.”

व्हरांडा पाच मिनिटं हसत होता. साहेबही हसले, पण हसून झाल्यावर म्हणाले, “अहो, गोठा तुमच्या आजोबांच्या वेळेपासून प्रॉपर्टी कार्डावर आहे. मी वाचूनच आलो होतो. दाखवला असता तर मला काही म्हणायचं नव्हतं. तुम्ही लिहिलं पार्किंग. त्या बोळातून गाडी वळवायला जागा कुठाय तुमच्याकडं? नाकारणारच होतो मी. जा, खरा नकाशा घेऊन या. आणि ते हमीपत्र फाडा माझ्यासमोर.”

तीन आठवड्यांत परवाना मिळाला. नकाशावर ‘जुना गोठा’ असं स्पष्ट लिहिलेलं. “मी तर पहिल्यापास्नं सांगतोय,” केरबा सगळ्यांना म्हणत होता, “गोठा दाखवल्याबिगर काम हुईत न्हाई.”

फोन करायला सांगितलं होतं, पण शिवशरण स्वतःच वारणानगरला गेला. परवाना आणि नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी शर्टच्या आत. विद्याश्री दारातच होती. त्यानं कागद पुढं केला. (वाटेत चार वाक्यं पाठ केली होती. एकही आठवलं नाही.)

तिनं कागद घेतला नाही. मोबाईल पुढं केला. त्यात पुढं साहेब, मागं बिजली आणि त्यामागं हातात चप्पल घेतलेला शिवशरण.

“अख्ख्या कॉलनीनं बघितलाय,” ती म्हणाली. “कचेरीपतोर पळाला व्हय? म्हशीमागं?”

“व्हय.”

“आणि मी निघाले तवा? स्टँडपतोर तरी आला काय? संभाळून जा म्हणं!”

शिवशरणनं मनापासून विचार केला. त्याला खरोखर एक कारण सापडलं.

“तू यष्टीनं गेलतीस,” तो म्हणाला. “सायलेन्सरचा आवाज आला न्हाई.”

विद्याश्रीनं त्याच्या हातातले कागद ओढून घेतले. मग तिनं नकाशा उलगडला, वरच्या खोलीवरून बोट फिरवलं आणि आत हाक दिली, “आई, माझी पिशवी भर गं.” मग त्याच्याकडं वळून म्हणाली, “खिडकी चांगली मोठी दाखवल्यासा. त्या केरबाला सांगा, आणि एक काढ म्हणावं.”

“खोलीला?”

“खोलीला न्हवं. तुमच्या डोस्क्याला. तिथं हवा हाय, उजेड न्हाई.”