घाडीबाईंचा व्हाळ

आमच्या कॉलेजातल्या घाडीबाई रोज सकाळी आवारातला एक पेव्हर ब्लॉक उखडायच्या आणि माझ्या टेबलावर आणून ठेवायच्या.

मी ऑफिसात आवक-जावक सांभाळतो. येणाऱ्या कागदाला शिक्का, तारीख, नंबर, एवढंच माझं काम. ब्लॉकला शिक्का कुठे मारायचा ते मला कुणी शिकवलं नव्हतं. बाई पदराला हात पुसत म्हणायच्या, "कदमसाहेब, सदर ब्लॉक जमा करून घ्यावा व आवक क्रमांक द्यावा."

विजया घाडी, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या अटेंडंट. अंगाने काटक, चालणं तुरुतुरु, आणि बोलणं सरकारी परिपत्रकासारखं. तीस वर्षं अर्ज आणि मेमो वाचून त्यांची मराठी तशी झाली असावी, असा आमचा समज. चहा गार निघाला तरी त्या 'सदर चहा' म्हणत. कुणी काही सांगितलं की उत्तर ठरलेलं, "लेखी द्या." एकदा कॅन्टीनवाल्याने वडे संपले म्हणून सांगितलं, तर त्याच्याकडूनही त्यांनी ते लेखी घेतलं.

ब्लॉकमागचं कारण असं. आमचं कॉलेज परळला, टेकडीच्या उतारावर. बाई नोकरीला लागल्या तेव्हा वरून एक ओहोळ यायचा आणि प्रयोगशाळेला वळसा घालून शिवडीच्या खाडीकडे उतरायचा. त्याला त्या व्हाळ म्हणत. पुढे स्टाफच्या गाड्या वाढल्या, व्हाळावर भराव पडला, भरावावर पार्किंग झालं. तेव्हापासून दर पावसाळ्यात प्रयोगशाळेत घोटाभर पाणी. पाण्याबरोबर बेडूक यायचे आणि फळीवरच्या बरण्यांतल्या भाऊबंदांकडे बघत बसायचे. बाई त्यांना सुपलीत भरून बाहेर सोडायच्या. व्हाळ मोकळा करा म्हणून त्यांनी इतके अर्ज दिले की त्यांची वेगळी फाईल करावी लागली. उत्तर एकाचंही आलं नाही. मग त्यांनी पहार आणली.

प्राचार्यांनी मेमो काढला. मालमत्तेचं नुकसान का केलं, तीन दिवसांत खुलासा करावा. बाईंचा खुलासा एका ओळीचा होता: 'नुकसान जुने आहे, मी ते दुरुस्त करत आहे.'

प्रकरण निलंबनापर्यंत गेलं. बाईंच्या निवृत्तीला जेमतेम वर्ष उरलेलं, चौकशी लागली असती तर पेन्शन अडकलं असतं. मला राहवेना. मीच एक माफीपत्र टाईप करून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून ते नीट वाचलं, दोन ठिकाणी वेलांटी दीर्घ केली आणि सही न करताच परत दिलं. म्हणाल्या, "आता शुद्ध झालं. पाठवायचं तर आपल्या सहीने पाठवा."

मग संस्थेचे अध्यक्ष पाहणीला आले. लालबागच्या चाळीत वाढलेले, वयस्कर, कमी बोलणारे गृहस्थ. प्राचार्य त्यांना उखडलेली जागा दाखवत होते, बाईंच्या उद्धटपणाचे दाखले देत होते. बाई समोर नव्हत्याच. त्या वर उतारावरच्या पाण्याच्या टाकीपाशी होत्या, आणि त्यांनी टाकीचा मोठा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला होता.

पाणी उतारावरून आलं ते जणू पत्ता विचारूनच. ब्लॉकच्या फटींतून बुडबुडे काढत, प्राचार्यांच्या नव्या बुटांना वळसा घालून ते सरळ प्रयोगशाळेच्या दाराखालून आत गेलं. मागोमाग बाई आल्या, साडी खोचून, हात जोडून.

"साहेब, आधी सदर पाण्याला मेमो द्या. त्याने खुलासा केला की मी करते."

मी खाली मान घातली. आता बाईंचं काही खरं नाही, असंच मला वाटलं. अध्यक्षांनी मात्र बूट-मोजे काढले, पँट दुमडली आणि पाण्यामागोमाग ते प्रयोगशाळेच्या दारापर्यंत चालत गेले. मग प्राचार्यांना म्हणाले, पार्किंग गेटजवळ हलवा, हे मोकळं करा.

बाई म्हणाल्या, "लेखी द्या."

आणि अध्यक्षांनी दिलं.

पुढचं वर्ष बाईंनी आम्हाला घाम फोडला. ब्लॉक निघाले, भराव निघाला, दगडांचे छोटे बांध घातले गेले. ठेकेदाराने शोभेचे ताड आणि निळ्या दिव्यांचं कारंजं सुचवलं, तेव्हा बाईंनी विचारलं, सदर व्हाळाचं लग्न आहे का? काठाला वाळा लागला, रानअळू लागलं, करंज आणि उंबर लागले. त्या पावसाळ्यात प्रयोगशाळा कोरडी राहिली. चतुर आले, एक खंड्या आला. बेडूक आता बाहेरच राहू लागले.

बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात प्राचार्यांनी व्हाळाचं श्रेय संस्थेच्या दूरदृष्टीला दिलं. बाईंनी ते भाषण लेखी मागितलं.

त्यानंतरची गोष्ट. परीक्षेच्या कामासाठी एका रविवारी मी ऑफिसात होतो. वॉचमन तक्रार घेऊन आला, घाडीबाई दर रविवारी येतात, बाहेरच्यांना मनाई आहे म्हटलं तरी ऐकत नाहीत, प्राचार्यसाहेबांनी सांगितलंय, तुम्हीच त्यांना समजवा. नाइलाजाने मी मागे व्हाळाकडे गेलो.

बाई बांधावर पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या आणि बोलत होत्या. आजूबाजूला कुणी नव्हतं. भाषा ओळखायला मला एक क्षण लागला, कारण त्या आवाजात ती मी कधी ऐकली नव्हती. मालवणी, घळघळीत, मधेच हसत. नायगावची चाळ पाडायला घेतलीय, सतराव्या मजल्यावर बिऱ्हाड गेलंय, तिथे माती औषधालासुद्धा नाही, असं काहीबाही त्या पाण्याला सांगत होत्या.

मला बघून त्या दचकल्या नाहीत. मी नियमाचं कसंबसं पुटपुटलो.

"रिटायर मी झालंय," त्या म्हणाल्या, "व्हाळ नाय झालो."

मग आवाज खाली आला. "ह्ये गेल्यापासून घरात मालवणी बोलाक कोण नाय. झील नि सून बंगळूराक. नातवाक माझी भाषा कळणा नाय. " त्यांनी पाण्यात तळवा बुडवला. "हय कळता."

मी मूळचा देवगडचा. आजी गेली आणि माझी मालवणी सुटली, ऑफिसात तर कुणाला ठाऊकही नाही. तरी मोडक्यातोडक्या शब्दांत विचारलं, "बाये, मी बसू मां हय?"

त्या पदर गोळा करून थोड्या बाजूला सरकल्या.

"बस रे झिला," म्हणाल्या. "चपला काढून बस."