चौथा खांदा

आमच्या तालुक्यात मेलेल्या माणसाच्या इस्टेटीतून अंत्यविधीचा खर्च परत घ्यायचा असेल, तर मयताला स्वतः कचेरीत हजर राहून प्रत्येक पावतीवर सही करावी लागते. त्यासाठी मंगळवार आणि शुक्रवार ठरलेले आहेत, अकरा ते एक. त्या वेळात पंखे बंद ठेवतात, कारण दहन झालेल्या माणसांना वारा सोसत नाही.

प्रयागआत्या गेली तेव्हा मी परदेशात लोकप्रशासन शिकत होते. आईवडिलांच्या मागे तिनेच ब्लाऊज शिवून मला वाढवलं होतं. मी वेळेत पोचणार नव्हते, म्हणून गावातल्या एका अंत्यविधी केंद्राला फोनवरून पैसे पाठवले. तिरडी, लाकडं, शाल, गुरुजी, चार खांदेकरी, सगळं मिळून एकोणचाळीस हजार. ते पैसे माझे नव्हते. आत्याच्या पुढच्या खोलीत मुलींसाठी अभ्यासिका काढायची म्हणून माझ्या वर्गातल्यांनी ते जमवून दिले होते. शिक्षण संपवून मी कायमची गावी परतले, तोवर चौदा मुलींनी नावं नोंदवली होती. सुताराने बाकंही तयार ठेवली होती, पण पैसे मिळाल्याशिवाय तो ती सोडणार नव्हता. आत्याच्या खात्यात रक्कम होती. वारसाचं काम वर्षानुवर्षं चालतं; अंत्यविधीचा खर्च तेवढा आधी सुटतो, मयताने मान्य केला तर.

मयताला वर्षश्राद्धापर्यंतच बोलावता येतं. आमची तारीख नेमकी आदल्या दिवशीची लागली. तरी मला त्या नियमाचा अभिमान वाटत होता. मी जिथे शिकले तिथे फार चांगले कायदे आहेत, पण ज्याच्यावर खर्च झाला त्याचं म्हणणं कुणी विचारत नाही.

आत्या माझ्या आधीच येऊन बसली होती. डावीकडच्या बाकावर आणखी तीन मयत होते, तिघंही पुरुष. त्यांचे नातेवाईक आले नव्हते. आत्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि कुर्त्याची बाही आखूड झाल्याचं सांगितलं.

अव्वल कारकून शेवाळे भाऊसाहेब एकेक पावती वाचत गेले. लाकडं थोडी ओली होती, पण पेटली, असं म्हणून आत्याने सही केली. शालीचं कापड तिने नाव ठेवण्यासारखं नसल्याचं सांगितलं. गुरुजींनी घाई केली, तरी तिने सही केली. खांदेकऱ्यांच्या पावतीवर मात्र तिने पेन खाली ठेवलं.

"चार नव्हते," ती म्हणाली. "तीन होते."

भाऊसाहेबांनी मला समजावलं की एक पावती खोटी ठरली तर सगळा दावा खोटा ठरतो. मग त्यांनी विचारलं, की मी तिथे हजर होते का. मी नाही म्हणाले. पण तिघांना तिरडी उचलत नाही, आणि तिरडी तर स्मशानात पोचली. त्याअर्थी चौघं असलेच पाहिजेत, असं मी मांडलं. भाऊसाहेबांना ते पटलं. त्यांनी आत्याकडे बघितलं.

"चौथ्याच्या घरी साखरपुडा होता," आत्या म्हणाली. "तिघं बोळात उभे राहून फोन लावत बसले. ऊन चढत होतं. मग मी उतरले आणि मागची डावी बाजू घेतली."

भाऊसाहेबांनी तिला जरा वळायला सांगितलं. उजव्या खांद्यावर, अंगभर घेतलेल्या पदराला, ओल्या बांबूचा हिरवा डाग होता.

"म्हणजे वर कोणी नव्हतं?" त्यांनी विचारलं.

"वर मीच होते. नाहीतर वजन कशाचं लागलं असतं?"

त्यांनी दोन्ही गोष्टी लिहून घेतल्या. मी हळूच विचारलं, की पैसे तरी वेळेवर पोचले होते ना.

"अगदी वेळेवर, मने. माझ्या आधी स्मशानात पोचले होते."

बाकावरचे तिघं हसले. त्यांच्या अंगावरून थोडी राख खाली पडली आणि शिपायाने केरसुणी आणली.

भाऊसाहेबांनी कपाटातलं रजिस्टर काढलं. मयताने दिलेला खांदा पैशांत वळता होत नाही, असं त्यात होतं. नात्यातल्या माणसाने तो कचेरीची वेळ संपायच्या आत जसाच्या तसा परत केला, तर पावती खरी धरता येते. या कामासाठी कचेरीच्या मागे एक तिरडी कायम बांधून ठेवलेली असते. तिथून स्मशान आमच्या बोळापासून आहे तेवढंच लांब पडतं; ते मोजून ठेवलेलं आहे.

घड्याळात बारा वाजत आले होते. बाकीच्या तीन बाजू कोण घेणार, हे मी विचारेपर्यंत बाकावरचे तिघं उठलेही होते.

"आमच्याकडे तरी कोण येतंय," त्यांतला टोपीवाला म्हातारा म्हणाला. "तेवढाच वेळ जाईल."

आत्या तिरडीवर आडवी झाली आणि तिने पदर नीट खोचला. आम्ही उचललं. शिपाई पावती आणि पेन घेऊन सायकलवर पुढे गेला.

भर बाजारातून आम्ही गेलो. दुकानदारांनी अर्धी शटरं ओढली. एका केळीवाल्याने कोण गेलं म्हणून विचारलं. माझी आत्या, मागच्या वर्षी, असं मी सांगितलं. त्याने हात जोडले. माझ्या पुढे टोपीवाल्याची पाठ होती; त्याच्या सदऱ्यातून मला पलीकडचा रस्ता दिसत होता. राखेला वजन नसतं असं मला वाटलं होतं. पण बांबू खांद्यात रुतत गेला आणि पाय वाकायला लागले.

"देवळापाशी डावीकडे खड्डा आहे," वरून आत्या म्हणाली. "तिथे माझा पाय मुरगळला होता."

विसाव्याच्या दगडाशी तिरडी टेकवून खांदा बदलायची पद्धत आहे. मी जरा थांबूया म्हणाले.

"मी बदलला नव्हता, मने."

मीही बदलला नाही.

स्मशानात तिरडी ठेवल्यावर आत्या उठून बसली. शिपायाने पावती पुढे केली. कागदाला आधार हवा म्हणून तिने मला पाठमोरं उभं केलं, पावती माझ्या उजव्या खांद्यावर ठेवली आणि सावकाश सही केली. पेन जिथे टेकत होतं तिथेच दुखत होतं. सहीच्या वर तिने लिहिलं: चार, बरोबर.

स्मशानातून निघाल्यावर मागे वळून बघायचं नसतं. मी बघितलं नाही. तिघं मयत माझ्या पुढे चालत होते. मागून एका पावलाचा आवाज येत होता, एक पाय जरा ओढत टाकल्यासारखा.

एकला दहा मिनिटं कमी असताना भाऊसाहेबांनी शिक्का मारला. यापुढे प्रयागबाईंना बोलावता येणार नाही, असं लिहिलेल्या कागदावर माझी सही घेतली. मग त्यांनी टोपीवाल्याचं नाव पुकारलं. त्याच्या बाजूने कोणी उठलं नाही.

बाकं सोमवारी आली. चौदा मुली रोज येतात. भिंतीकडच्या बाकावरची शेवटची जागा मी कुणाला देत नाही. मी आत्याला बोलावलेलं नाही. यंदा ऊन फार आहे आणि मुली कुरकुरतात, पण अकरा ते एक मी पंखा लावत नाही.