पायथ्याच्या विटा

नथ्थूनानांच्या घोट्यावरची जखम आता आपणच बरी करायची, असं त्यांच्या बायकोनं, सुंदरबाईनं ठरवलं आणि नानांचे सुखाचे दिवस संपले.

तोवर नाना मजेत होते. दवाखान्यात बांधलेली घट्ट पट्टी घरी पोहोचेपर्यंत टिकायची. मग पाय कुरकुरला की सोडायची आणि केळीचा वाकलेला घड टेकूला बांधायला न्यायची. (इतकं छान ताणणारं कापड रावेरच्या बाजारात मिळत नाही, असं ते अभिमानानं सांगायचे.) केळी ताठ उभ्या होत्या. जखम मात्र कापूस वेचणीपासून तशीच ओली.

त्या दिवशी दवाखान्यात अशा सगळ्या पेशंटांना घरच्यांसकट बसवून शिकवलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पायातलं रक्त वर चढत नाही, खाली साचतं, म्हणून जखम भरत नाही. दिपमाला सिस्टरनं बोटांपासून गुडघ्यापर्यंत पट्टी बांधून दाखवली. व्यायामवाल्या किरणनं टाचा उचलायला लावल्या आणि रात्री पलंगाचा पायथा विटांवर चढवा म्हणाला.

"इथं आम्ही टीम आहोत," सिस्टर म्हणाली, "पण घरी कोण?"

"मी आहे ना!" सुंदरबाई उभी राहिली. (बसलेली असतानाही ती उभ्याच आवाजात बोलते.)

"नाना, घरी बाई सांगतील तसंच करायचं," सिस्टर म्हणाली. "स्वतःचं डोकं लावायचं नाही."

"लगीन झाल्यापासून तेच करू ऱ्हायलो," नाना म्हणाले.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. पुढच्या खेपेपर्यंत जखम लहान झाली नाही, तर जळगावला मोठ्या दवाखान्यात पाठवणार, मांडीचं कातडं काढून जखमेवर लावणार, म्हणाल्या. ऐन लेकीच्या, मोहिनीच्या लग्नात! नवरीचा बाप मांडवात पाय वर करून निजणार की काय?

सुंदरबाईनं कंबर कसली. केळीच्या पट्ट्या सोडून आणल्या, त्या जाळल्या आणि नव्या आणल्या. एकीनं तंबाखूच्या पानाचा लेप आणला, तर तिला दारातूनच सुनावलं, "तो तुमच्या भिंतीले लावा!" पलंग खिडकीखाली ओढला, म्हणजे गल्लीचंही लक्ष राहील. पायथ्याच्या खुरांखाली विटा घातल्या. पाय दक्षिणेला येतात, हे शेजारच्या लताबाईनं दाखवलं, तेव्हा तेही तिनं तिथल्या तिथं निस्तरलं. सुंदरबाईकडे उद्याचं काम नसतं.

मग गल्लीचीच टीम झाली. नाना ओट्यावर नुसते उभे राहिले की लताबाई ओरडायची, "सुंदरबाई, उभे ऱ्हायले वं!"

"चाला, नहीतर आडवे व्हा! उभं ऱ्हायचं नही!" आतून हुकूम यायचा. नाना बिचारे चालायचे.

एवढं करून सकाळी पाय केळीच्या खुंटासारखा सुजलेला. जखम तसूभर हटेना. जळगाव जवळ यायला लागलं.

सुंदरबाई तडक दवाखान्यात गेली. "तुमच्या पट्टीत दम नही! माझ्या घरात एक चूक दाखवा, मी नाव बदलते!"

दुसऱ्या दिवशी सिस्टर आणि किरण घरी आले. पट्टी पाहिली, बरोबर होती. टाचा पाहिल्या, नाना फटाफट उचलत होते. खिडकीत लताबाईसकट गल्ली जमली.

"नाना, रात्री निजता तसे निजून दाखवा," किरण म्हणाला.

नाना निजले. सिस्टरनं तोंडाला रुमाल लावला. विटांवर नानांचं डोकं होतं, आणि पाय उतारावर, नळाखाली ठेवलेल्या बादलीसारखे.

"कोनं फिरवली उशी?" सुंदरबाई कडाडली. "लताबाई!"

"म्या निस्ती दिशा सांगितली, माय! उशी तूच उचलून इकडं फेकली. विटा तिकडंच ऱ्हायल्या."

सुंदरबाईनं विटांकडे पाहिलं. विटा हलल्या नव्हत्या.

"मंग तुम्ही काहून बोलले नही?" ती नानांवर घसरली. "इतके दिवस पाय खाली सोडून निजले!"

"सिस्टर म्हने, डोकं लावू नका, बाई सांगतील ते करा," नाना पडल्या पडल्या म्हणाले. "म्या केलं. अन् असं निजलं की टीव्ही बी चांगला दिसे."

सुंदरबाईनं एकटीनं पलंग उचलून विटा दुसऱ्या बाजूला सरकवल्या. कुणाला हात लावू दिला नाही. पायाची सूज उतरली, जखमेच्या कडा आत यायला लागल्या, जळगाव टळलं. मोहिनीच्या हळदीत नाना पट्टी बांधून नाचले. (उभे मात्र राहिले नाहीत.)

पुढं दवाखान्यात पुन्हा शिकवणी होती. सिस्टरनं दोघांना मुद्दाम बोलावलं. सुंदरबाई लग्नातलं लुगडं नेसून, केसात गजरा माळून पहिल्या रांगेत बसली. सत्कार तर होणारच.

सिस्टरनं नारळ नानांच्या हातात दिला. "सांगितलेलं तंतोतंत कसं पाळावं, ते या पेशंटकडून शिका."

टाळ्या पडल्या. सुंदरबाईनं पदर सावरला.

"आणि या त्यांच्या बाई," सिस्टर म्हणाली. "घरच्यांनाही दोनदा का शिकवावं लागतं, ते यांच्याकडून."