एका गिटारीने चाळीस व्हायोलिने सर केली त्याची हकिकत

हुजुरांनी पुसिले की, ज्या गीतात चाळीस व्हायोलिने, सहा ढोल आणि मागे गाणारा बायकांचा ताफा, ते गीत एका गिटारीवर आणि एका गळ्यावर कैसे उतरले, ते यथास्थित लिहावे. आज्ञा शिरसा मान्य करून, जे घडले ते आणि रावांनी लपवू म्हटले तेही, येथे लिहिले असे.

राजमान्य राजश्री चष्मेवालेराव, चष्म्यांच्या दुकानाचे खासे धनी, वय सत्तावन्न. त्यांस थोरली बहीण ताईसाहेब. लहानपणी रेडिओवर हे गीत लागले म्हणजे ताईसाहेबांनी शब्द गावे आणि रावांनी गाल फुगवून ढोल व नाकातून व्हायोलिने वाजवावी, ऐसा उभयतांचा करार होता. पुढे ताईसाहेबांच्या गळ्याची शस्त्रक्रिया जाहली, आणि जीव वाचला, आणि आवाज मात्र खाली उतरून घोगरा जाहला, आणि त्यांनी गाणे सोडिले ते सोडिलेच. दीड वर्षात भांडी घासतानाही गुणगुणल्या नाहीत. रावांस याचे दुःख बहुत, परंतु बोलून दाखविण्याची चाल त्या घराण्यात नव्हती. मग रावांनी मनसुबा केला की, येत्या रविवारी दुपारी चार वाजता ताईसाहेब साठाव्या वाढदिवसाच्या चहास येतील, तेव्हा तेच गीत आपण जातीनिशी गावे, आणि त्यांस पुन्हा गाणे गोड लागावे.

मोहीम सोमवारी सुरू जाहली. रावांचा हट्ट ऐसा की, मूळ गाण्यातील एकही शिपाई मागे ठेवणे नाही. म्हणोन अंगठ्यास मंद्र सुरांची कामगिरी सांगितली, आणि तळव्याने गिटारीच्या पोटावर सहाही ढोल बडविले, आणि करंगळी व्हायोलिनांच्या पाठलागास धाडिली, आणि बायकांच्या ताफ्याची जागाही आपणच गाऊ लागले. पट्टी मूळ गायिकेचीच ठेविली, कारण ती उतरविणे म्हणजे लढण्याआधी किल्ला देणे, ऐसे रावांचे मत. अंतऱ्यात आवाज फाटला. खालच्या मजल्यावरील मास्तरांनी फोन करून विचारपूस केली की, "कोणी पडलं का हो वर? येऊ का?" बुधवारी पहिली तार तुटून रावांच्या हनुवटीस लागली. फौजेची दाणादाण उडाली.

रावांचे कुटुंब बाईसाहेब, जुने कपडे मापात बसवून देण्याचा त्यांचा कारखाना घरातच. तीन दिवस त्यांनी मशीन चालवीत सर्व ऐकिले, आणि गुरुवारी पाय थांबवून फर्मान काढिले :

"अहो, मोठा कोट लहान करायचा तर आधी सगळा उसवतात. अस्तर काढायचं, खांद्यातला कापूस काढायचा, मग बघायचं अंगाला काय बसतंय ते. तुम्ही एकावर एक सहा कोट घालून बसलाय. आणि ती पट्टी उतरवा आधी. गळा आहे तो, इलास्टिक नाही."

रावांस राग आला, परंतु ती गोष्ट पटलीही. मग सहाही ढोलांस कायमची रजा दिली, आणि बायकांचा ताफा परत पाठविला, आणि पट्टी चार सूर खाली आणिली. हाती उरल्या चार कॉर्ड, अंगठ्याचा ठेका आणि शब्द, आणि गीत आश्चर्येकरून उभे राहिले. फक्त मधली व्हायोलिने बसेनात. नाकातून वाजविणे वयास शोभत नाही, म्हणोन तेथे एकच कॉर्ड हळूहळू छेडीत जागा मोकळी सोडिली. त्या मोकळ्या जागेची रावांस फार लाज वाटे.

रविवारी ताईसाहेब आल्या, गळ्यास रुमाल, खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या. रावांनी गीत आरंभिले. ताईसाहेब कपातच पाहत राहिल्या. रावांस वाटले, आपण जखमेवरची खपली काढिली, परंतु ध्रुवपद आणि पहिले कडवे पार पडले, आणि ती मोकळी जागा आली. कॉर्ड एकटीच वाजू लागली.

ताईसाहेबांनी कप खाली ठेविला. "अरे, व्हायोलिनं कुठायत?"

"एका गिटारीत नाही बसली गं, ताई."

"मग मी काय नुसता चहा प्यायला आलेय? परत घे."

रावांनी परत घेतले, आणि ताईसाहेबांनी चाळीसही व्हायोलिने नाकातून वाजविली, दोन ठिकाणी बेसूर, आणि एकदा खोकला. व्हायोलिने सरली, दुसरे कडवे आले, आणि रावांनी तोंड उघडिले, तोच ताईसाहेबांनी हात वर करून त्यांस गप्प केले. मग ते कडवे ताईसाहेब स्वतः गाइल्या. चार सूर खाली आणिलेली ती पट्टी त्यांच्या घोगऱ्या आवाजास अगदी मापात बसली. रावांस पुढचे दिसेना, चष्मा पुसावयास हात मोकळा नव्हता. बाईसाहेबांनी मशीन केव्हाच बंद केले होते.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. खर्ची पडली एक तार, आणि हनुवटीवर एक ओरखडा. रावांनी लिहविले होते की, गीत एकट्याने सर केले. ती ओळ बाईसाहेबांनी खोडविली. निघताना ताईसाहेबांनी जिन्यातून हुकूम केला तो शब्दशः दप्तरी दाखल केला असे : "पुढच्या रविवारी दुसरं बसव. पट्टी हीच ठेव. आणि तू गाऊ नकोस, नुसता वाजव."