फक्त तुलनेसाठी

पुण्यात गाडी घेणारे ढीगभर आहेत, पण गाडी निवडणारा माणूस एकच, असं सदाशिव पेठेतल्या बद्रीनाथरावांचं स्वतःबद्दल ठाम मत होतं. बाकीचे लोक रंग बघून गाडी घेतात. बद्रीनाथरावांनी चौदा महिने अभ्यास केला होता! एक्सेलमध्ये एकोणतीस गाड्या, प्रत्येकीचा पिकअप, प्रत्येकीचं ॲव्हरेज, आणि त्याला किमतीने भागून निघणारा एक आकडा. या आकड्याला त्यांनी 'सुवर्णमध्य' असं नाव दिलं होतं. अडचण एवढीच, की दर महिन्याला कुठली तरी किंमत वाढायची नाहीतर नवं मॉडेल यायचं, आणि सुवर्णमध्य उठून भलत्याच गाडीवर जाऊन बसायचा.

गाडी खरी हवी होती त्यांच्या बायकोला, मंदाकिनीबाईंना. त्या वाघोलीच्या एका कॉलेजात शिकवायच्या. जाताना दोन बस, येताना दोन बस, आणि एवढा वेळ उभं राहून कंबर कामातून गेलेली. शेवटी त्यांनी सांगून टाकलं, "अहो, दसऱ्याला गाडी दारात दिसली नाही, तर मी वाघोलीत खोली घेऊन राहीन. तुम्ही आणि तुमचं एक्सेल सुखाने नांदा!"

बद्रीनाथराव हसले. बाई हसल्या नाहीत, तेव्हा तेही हसायचे थांबले. बायकोशिवाय कसं राहायचं, याचा त्यांनी कधी अभ्यासच केलेला नव्हता.

दसरा उजाडला. सगळं पुणं बुक केलेल्या गाड्या घरी न्यायला शोरूममध्ये लोटलं, आणि बद्रीनाथराव ट्रायल मागायला गेले! शिवाय मागितली ती यादीत सर्वांत खाली असलेली, पेट्रोल घटाघटा पिणारी टर्बो गाडी.

"सर, हीच फायनल करताय?" टाय लावलेल्या सेल्समन अभिनवने आशेने विचारलं.

"छे! ही फक्त तुलनेसाठी. वाईट म्हणजे किती वाईट, ते कळायला नको?"

दसऱ्यानिमित्त शोरूममधल्या सगळ्याच गाड्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या, तशी या डेमोच्या गाडीलाही होती. तिकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

बद्रीनाथराव गाडी हाकू लागले. ऑक्टोबरचं ऊन, काचा बंद आणि एसीही बंद! काचा उघड्या ठेवल्या की वारा शिरून ॲव्हरेज कमी होतं, असं त्यांच्या वाचनात आलं होतं. अभिनव इडलीसारखा वाफेवर शिजत होता.

"सर, थोडा वेळ एसी लावू?"

"घरी लावता का दिवसभर?"

"सर, सिग्नल सुटला! इंजिन चालू करा ना!"

"करतो. मागच्यांना हॉर्न वाजवू द्या, त्यांचं पेट्रोल जातंय."

मग अचानक त्यांना पिकअप आठवायचा आणि ते ॲक्सिलरेटर असा दाबायचे, की अभिनवचं डोकं मागे आपटायचं. शेवटी ते म्हणाले, "आता आमच्या पार्किंगमध्ये बसते का बघू." खिशात मोजपट्टी होतीच.

गाडी सोसायटीच्या फाटकातून आत शिरली आणि वरून सोसायटीच्या अध्यक्षांचा, एक्क्याऐंशी वर्षांच्या आप्पासाहेबांचा आवाज आला, "अरे वा, बद्रीनाथराव! अखेर घेतलीत? आम्हाला वाटलं, पुढच्या जन्मासाठी बघताय!"

बद्रीनाथराव तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारच्या तुळजाबाई आरतीचं ताट घेऊन खाली हजर. दसरा असल्यामुळे ताट तयारच होतं. बघता बघता बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक उमटलं आणि चारही चाकांखाली लिंबं गेली. "अहो बाई, ही गाडी..." असं अभिनव ओरडला, तर तुळजाबाईंनी त्याच्या तोंडात अख्खा पेढा कोंबला.

आणि मंदाकिनीबाई खाली आल्या. त्यांनी गाडीवरून हात फिरवला आणि डोळ्यांना पदर लावला. "मला वाटलंच नव्हतं हो," एवढंच म्हणाल्या.

चौदा महिन्यांत बायको पहिल्यांदाच आपल्याकडे अशी बघत होती! बद्रीनाथरावांचा जीव सुपाएवढा झाला. त्यांनी खिशातली मोजपट्टी गुपचूप आणखी खाली ढकलली आणि ते गप्प राहिले. दोन मिनिटांत पूजा आटपेल, गाडी परत जाईल, मग सावकाश सांगू.

"सोसायटीतला नारळ मीच फोडतो," म्हणत खाली उतरलेले आप्पासाहेब पुढे झाले. त्यांनी दोन्ही हातांनी नारळ डोक्यावर नेला आणि तो निसटला. नारळ फुटला नाही. बॉनेटला मात्र वाटीएवढा खड्डा पडला!

अभिनवने पेढा गिळला. "सर! डेमोची गाडी आहे ही!"

मंदाकिनीबाईंनी पदर खाली केला. "म्हणजे, घेतली नाहीत?"

"तुलनेसाठी आणली होती," बद्रीनाथराव पुटपुटले. जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं.

अभिनवने मॅनेजरला फोन लावून स्पीकर चालू केला. मॅनेजर म्हणाला, "नव्या बॉनेटचे पैसे भरा, नाहीतर गाडीच घेऊन टाका. डेमोची म्हणून सवलत देतो."

सवलत! बद्रीनाथरावांचे कान टवकारले. पण त्यांच्याआधी आप्पासाहेबच फोनवर वाकले. "आणि बॉनेटला खड्डा आहे, त्याचे वेगळे कमी करा! असली ठोकलेली गाडी आमच्या माणसाच्या गळ्यात मारता?"

पाऊण तास घासाघीस झाली. शेवटी बद्रीनाथरावांनी एक्सेल न उघडता "घेतो" म्हटलं. तेही बायकोच्या तोंडाकडे बघत.

पुढच्या शनिवारी कागदपत्रं झाली. मंदाकिनीबाई स्टिअरिंगवर बसल्या.

"बसा. वाघोलीला जाऊन येऊ."

"आज? आज तर कॉलेजला सुट्टी आहे."

"खोलीचं डिपॉझिट परत आणायचंय. दसऱ्याच्या आदल्या दिवशीच देऊन आले होते." त्यांनी आरसा नीट केला. "बॅगसुद्धा भरली होती. आप्पासाहेबांचा हात घसरला म्हणून, नाहीतर तुम्ही अजून तुलनाच करत बसला असता."

बाईंनी एसी पूर्ण सोडला आणि गाडी सुसाट काढली. समोरच्या पडद्यावर ॲव्हरेजचा आकडा आला, लिटरला नऊ! बद्रीनाथरावांनी घट्ट डोळे मिटून घेतले.

"सुखावलात ना?" मंदाकिनीबाईंनी प्रेमाने विचारलं.

"हो," बद्रीनाथराव म्हणाले.