चिमट्याचे बुश

“पुढचं चाक वरणगावले चाललं अन् मांगचं भुसावळले. माणसानं कोणत्या चाकावर बसाचं?”

भिकुबाईंनी हे मगन आबांच्या हेल्मेटच्या अगदी कडेला तोंड नेऊन म्हटलं. मोठ्यानं नाही, राजदूतच्या आवाजात बुडून जाईल इतपतच. पण चाळीस वर्षं एकाच गाडीवर मागे बसलेल्या बायकोची कुरकुर कुठल्याही इंजिनाला बुडवता येत नाही. आबांनी न ऐकल्यासारखं केलं आणि दीपनगरच्या वळणावर गाडी आणखी हळू घेतली. तरी मागचा भाग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे शेपटीसारखा हललाच. भिकुबाईंनी एका हातानं कॅरिअर, दुसऱ्या हातानं आबांचा शर्ट आणि मनातल्या मनात मुक्ताई घट्ट धरली.

“हवा कमी असंल,” आबा म्हणाले.

“हवा तर मले कमी पडून राह्यली.”

येत्या गुरुवारी मुक्ताईनगरला लेकीच्या, पुनमच्या, बाळाचं बारसं होतं. म्हणजे पुन्हा हायवे. गेल्या दिवाळीत त्याच हायवेवर एक कंटेनर इतका जवळून गेला होता, की भिकुबाईंचा पदर त्याच्या वाऱ्यानं आबांच्या तोंडावर आला. त्या गोष्टीबद्दल घरात कोणीच कधी बोललं नव्हतं. जावई म्हणाले होते, कार पाठवतो. “नातवाच्या बारशाले जावयाच्या कारमंधी? मी काय पार्सल हाये?” असं म्हणून आबांनी फोन ठेवला होता. त्यानंतर एसटीचं नाव काढायचीसुद्धा कोणाची छाती नव्हती.

शनिवारी कौतिक मिस्त्री आला. मूळचा धुळ्याचा, हातानं हुशार. त्यानं गाडी स्टँडवर चढवली, मागचं चाक धरून आडवं हलवलं. टक्, टक् असा आवाज आला.

“आबा, चिमटाना बुश गयात. बठ्ठा घसाई गयात.”

चिमटा म्हणजे मागचं चाक धरून ठेवणारे दोन लोखंडी पाय. ते ज्या लांब बोल्टवर खालीवर होतात, त्याच्या भोवतीचे नळीसारखे बुश चाळीस वर्षांत झिजून कागदासारखे झाले होते. हे ऐकून भिकुबाईंना इतकं बरं वाटलं, की त्यांनी कौतिकच्या चहात साखर दोनदा घातली. भीतीला नाव मिळालं होतं, आणि त्या नावाची वस्तू जळगावला करून मिळत होती.

जळगावच्या लेथवाल्यानं रविवारीच नवे पितळी बुश कातून दिले. आबांनी ते मोजले आणि परत पाठवले, केसभर जाड म्हणून. सोमवारी पुन्हा परत पाठवले, केसभर बारीक म्हणून.

“आबा, हाई तोफ नही शे,” कौतिक वैतागला.

“म्हणूनच सांगतो. तोफंच्या मांगं कोणी बायको बसवत नाही.”

मंगळवारी बुश पसंत पडले, तर जुना बोल्ट निघेना. गंजून आतल्या आत चिकटला होता. आबांनी त्यावर डिझेल सोडलं आणि म्हणाले, “भिजू दे. घाई नाही.” वास्तविक बारसं परवावर आलं होतं.

बुधवारी सकाळी कौतिकनं हातोडा उचलला. “आते ठोकनंच पडी.”

“थांब!” आबा असे ओरडले, की ओट्यावरची मांजर भिंतीपलीकडे गेली.

आबांची चौतीस वर्षं वरणगावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात गेली होती. वस्तू अडली की ठोकायची, हा विचारच त्यांना शिवीसारखा लागायचा. निवृत्तीला सात वर्षं झाली तरी घरातला नारळसुद्धा ते हात लांब करून, मान वळवून फोडत. आता ठोकायचंच तर रीतसर. सगळ्यांचे मोबाईल ताटात गोळा झाले. गॅस बंद झाला. वाळूच्या दोन बादल्या आल्या. बघे वीस पावलं मागे गेले. गल्लीच्या तोंडाशी लाल झेंडा हवा होता, तो नव्हता. म्हणून काठीला भिकुबाईंचा लाल परकर बांधला. दुसऱ्या तोंडाशी शेजारचे रुपचंद उभे राहिले, कारण त्यांचा बनियन लाल होता.

दुसऱ्या एखाद्या गावात लोक परकर बघून हसत जमले असते. वरणगावात कारखान्याचा जुना माणूस, वाळूच्या बादल्या आणि लाल फडकं एवढं दिसल्यावर कोणी काही विचारत नाही. लोकांनी पोरं उचलली आणि वाट धरली. किराणावाल्यानं शटर ओढलं. अंगणवाडी सुटली. दहा मिनिटांत गल्लीत चिटपाखरू उरलं नाही, आणि विसाव्या मिनिटाला परकराच्या आडून एक हवालदार डोकावला.

“आबा! काय निघालं?”

“निघत नाही, तेच तर!” आबा आतून ओरडले.

हवालदार दहा पावलं मागे गेला. “कधीपासून हाये आतमंधी?”

“चाळीस वर्षं!”

हवालदार आणखी दहा पावलं गेला असता, पण मागे चहाची किटली घेऊन भिकुबाई उभ्या होत्या.

“भाऊ, राजदूतचा बोल्ट हाये तो,” त्या म्हणाल्या. “चहा घे अन् तूच काढ. इथं सारे नुसते भेऊन राह्यले.”

हवालदाराचा चेहरा आधी पांढरा होता, तो लाल झाला. तो तरातरा अंगणात आला, कौतिकच्या हातून हातोडा घेतला आणि डोळे मिटून एकच घाव घातला. सगळ्यांनीच डोळे मिटले होते. उघडले तेव्हा बोल्ट वाळूच्या बादलीत पडला होता. टाळ्या वाजल्या. आबांनी तेवढ्या वाजवल्या नाहीत. ते घाम पुसत होते.

दुपारपर्यंत नवे बुश बसले, ग्रीस भरलं. चाक हलवलं तर टक् नाही की टुक् नाही.

“एक चक्कर मारून पाहू,” आबा म्हणाले. “मांगं कोण बसतं?”

रुपचंदांचा गुडघा दुखू लागला. हवालदाराला ड्युटी आठवली. “माले दुकान उघाडनं शे,” म्हणत कौतिकनं पाने गोळा केले. भिकुबाईंनी पदर खोचला आणि निमूटपणे मागे बसल्या.

गाडी सुतासारखी सरळ चालली. शेपटी नाही, डुलणं नाही. हायवेच्या तोंडाशी आबांनी गाडी उभी केली. ट्रकमागून ट्रक गेले. मग रस्ता मोकळा झाला. लांबपर्यंत काही नव्हतं. तरी आबा निघेनात.

“बुश?” भिकुबाईंनी विचारलं.

“बुश झकास हायेत.”

पुन्हा ट्रक आले, पुन्हा रस्ता मोकळा झाला. आबांनी इंजिन बंद केलं. आता कुरकुरायला आडोसा उरला नव्हता.

“एक सांगू?” भिकुबाई म्हणाल्या. “बुशचं नव्हतं ते. चाक सरळ चाललं तरी मले भेव वाटते. हायवेवर तुमच्या मांगं बसाचंच भेव वाटते. दिवाळीपासून.”

आबांनी हेल्मेट काढलं, टाकीवर ठेवलं.

“तुले धराले मी तरी हाये,” ते म्हणाले. “मी कोणाले धरू?”